जी-इफेक्ट बंद करू नका, त्याच्याशी जुळवून उडवा

डीसीएस हा संगणकावरचा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर नव्यानं उडवणारे बरेच जण आधी सेटिंगमधल्या गेमप्लेच्या पानावर जाऊन जी-इफेक्ट, म्हणजे जोरात वळताना वैमानिकाच्या डोळ्यांपुढे येणारी अंधारी, ‘नन’ (बंद) करतात. काही दिसेनासं झाल्यावर लढायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. गंगापूर रोडला आमच्याकडे शनिवारी बसणाऱ्या पोरांना मी तो ‘सिम्युलेशन’वरच ठेवायला लावतो. ती अंधारीच वाचायला शिकायची असते.

हृदयापासून डोकं साधारण ३० सेंटीमीटर वर असतं. जी म्हणजे वळणात अंगावर येणारा भार, नेहमीच्या वजनाच्या पटीत. तो वाढला की तेवढं रक्त वर चढवणं जड जातं. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो, त्यामुळे रक्त आधी डोळ्याचं तुटतं, मेंदूचं नंतर. म्हणून रंग फिके पडतात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग काळोख, आणि त्यानंतर शुद्ध हरपते. पण हा क्रम जी हळूहळू चढला तरच. मेंदूत चार-पाच सेकंद पुरेल एवढा ऑक्सिजन शिल्लक असतो. काठी झटक्यात पोटाशी ओढली तर तेवढा वेळ सगळं स्वच्छ दिसतं आणि मग इशारा न मिळताच शुद्ध जाते. तेव्हा किती जी ओढला यापेक्षा किती झटक्यात ओढला, हे जास्त बघा.

टेबलावरच्या जॉयस्टिकला मनगट जरा हललं तरी पुरतं. सेटिंगमध्ये पिचला (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या हालचालीला) १५-२० चा कर्व्ह द्या, म्हणजे काठी मध्याजवळ कमी संवेदनशील होते आणि हात आपोआप मऊ होतो.

आता सराव. एफ-१६ घ्या, १५,००० फूट, ४५० नॉट. विमान ७५ अंश कुशीवर कलवून (बँक करून) उंची न सोडता वळलात की ४ जी होतो. ९० अंश वळा, सरळ व्हा, दम घ्या, मग तेवढंच वळण ६ जीला. खरे वैमानिकही कसरतींआधी असाच वॉर्मअप करतात. नजर समोर ठेवा आणि एचयूडीतल्या (समोरच्या काचेवर आकडे दाखवणाऱ्या पडद्यातल्या) जीच्या आकड्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. स्क्रीनच्या कडा काळवंडायला लागल्या की काठी किंचित पुढे सोडा, कडा उजळल्या की पुन्हा ओढा. आकड्याशिवाय हे जमेपर्यंत दुसऱ्या विमानाशी भिडू नका.

स्क्रीनला वजन दाखवता येत नाही, ते आपण पाळायचं. इथे ओझरला एचएएलनं बांधलेली सुखोई-३० ९ जीपर्यंत जाते. डोकं आणि हेल्मेट मिळून सात किलो धरलं, तर त्या वळणात मानेवर साठ किलोंच्या वर भार. आपण मात्र हेड ट्रॅकिंगवर (डोकं वळेल तसं स्क्रीनवरचं दृश्य फिरवणाऱ्या यंत्रणेवर) खुशाल मागे वळून बघतो! म्हणून मान आधी वळवा, मग ओढा. ६ जीच्या वर ती हलवायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचा नियम बेशुद्धीचा. सिममध्ये दृश्य लवकर परत येतं. प्रत्यक्षात वैमानिक बारा-एक सेकंद पूर्ण बेशुद्ध असतो आणि पुढे जवळपास तेवढाच वेळ गोंधळलेला. काळोख झाला की हात मांडीवर ठेवा आणि पंचवीस मोजा. ४५० नॉटला तेवढ्यात विमान पावणेसहा किलोमीटर जातं, म्हणजे द्वारकेहून जवळजवळ नाशिकरोड. १५,००० फुटांवर तुम्ही यातून वाचता. ३,००० फुटांवर नाक खाली असेल तर नाही. हा नियम पाळणाऱ्या पोरांची काठी दोन-तीन शनिवारांत सुधारते, आणि मग टॅकव्ह्यूमध्ये (उड्डाणाची नोंद नंतर तपासायच्या प्रोग्रॅममध्ये) त्यांचा जीचा आलेख बघा, सुळके जाऊन उतार आलेले दिसतात.