सोलापूरच्या उन्हात जुना लॅपटॉप तापतोय? नवीन घ्यायच्या आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो आणि पाच-सहा वर्षं जुने लॅपटॉप एकेक करून त्रास द्यायला लागतात, फॅन घोंघावतो, साधी एक्सेल फाइल उघडायला मिनिट लागतं, आणि कधीकधी काम चालू असतानाच स्क्रीन काळी. लगेच कुणीतरी सांगतं, जुना झालाय, टाकून द्या. अहो थांबा, बहुतेक वेळा मशीन चांगलं असतं, फक्त आतली गरम हवा बाहेर जायची वाट बुजलेली असते. आणि सोलापुरात ती जरा लवकरच बुजते.

पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला, जिथं चादरी-टॉवेलचे लूम चालतात, तिथल्या हवेत कापसाचे बारीक तंतू असतात. नुसती धूळ असती तर बरीचशी फॅनमधून बाहेर गेली असती, पण तंतू फॅनसमोरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बारीक जाळीत अडकतात, त्यावर धूळ बसते आणि गोधडीसारखा थर तयार होतो. हा थर फॅन आणि जाळीच्या मध्ये असतो, बाहेरून दिसतच नाही.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाहेरूनच ब्लोअर मारणं. थर सुटून मागं फॅनकडं सरकतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा जाळीवर येऊन बसतो. वर तो फॅन हवेच्या जोरानं भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. नीट करायचं तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं कव्हर उघडा, आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा, मग फॅन काढून तो थर चिमट्यानं उचला, राहिलेलं मऊ ब्रशनं. हवा मारायचीच असेल तर फॅनची पाती बोटानं धरून मारा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्यातून स्टॅटिक करंट बसून बोर्ड जाऊ शकतो. हे हातानं जमणार नसेल तर दुकानात द्या, पण "फॅन काढून साफ करा" असं स्पष्ट सांगा.

उघडायच्या आधी एक गोष्ट करून बघा. लॅपटॉप कामाला लावा आणि हवा बाहेर येते तिथं हात धरा. फॅन जोरात ओरडतोय पण हवा अगदी मंद येतेय, म्हणजे वाट बुजलीय. हवा भरपूर येतेय पण कोमटच, आणि एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेंप या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढं, म्हणजे उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाहीये, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंक या धातूच्या भागाकडं नेणारा लेप) वाळलीय. फॅनचा आवाजच नाही तर फॅन गेलाय. हवा जोरात आणि चांगली गरम असेल तर कूलिंग आपलं काम करतंय, टास्क मॅनेजर उघडून बघा कोण प्रोसेसर खातंय.

पेस्ट बदलताना जुन्यावर नवीन थापू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चिप आरशासारखी साफ करा, मग पूर्ण चिपवर पातळ थर द्या. हीटसिंकच्या स्क्रूजवळ नंबर छापलेले असतात, त्याच क्रमानं थोडे थोडे आवळा, एकच बाजू आधी गच्च केली तर दाब वाकडा बसतो. टूथपेस्टचे व्हिडिओ फिरतात, ते काही तासांत वाळतं, करू नका. पेस्टऐवजी वापरतात ते लिक्विड मेटल (पातळ धातू) अॅल्युमिनियमला खातं, तेही नको.

वापरताना गादीवर, जाड चादरीवर लॅपटॉप ठेवून तासन्तास काम करू नका, बहुतेक मॉडेल हवा खालूनच ओढतात. पाण्याच्या कूलरच्या अगदी तोंडासमोरही नको, तुषार आत जातात. आणि गरम झालेला लॅपटॉप फ्रिजमध्ये तर अजिबात नाही, बाहेर काढला की आत पाणी सुटतं. कूलिंग पॅड आत साफ असेल तरच थोडा उपयोगाचा, वाट बुजलेली असताना पैसे वाया. लॅपटॉप फॉरमॅट करणं किंवा रॅम वाढवणं याचंही तेच.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. टचपॅड वर उचललाय किंवा खालचं कव्हर फुगलंय असं दिसलं तर बॅटरी फुगलीय, लगेच वापर आणि चार्जिंग बंद करा, टोचू नका, दाबू नका, बदलून घ्या.

सगळं करूनही मे महिन्यात त्रास होत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, वेग थोडा कमी होतो पण ऑफिसच्या कामाला फरक जाणवत नाही आणि तापमान चांगलंच उतरतं. आणि आकडे बघताना खोलीचं तापमान धरा, खोली जितकी जास्त गरम, साधारण तितकेच अंश प्रोसेसरवर वाढतात. भर दुपारी जड कामात ८५ दिसले तर घाबरू नका.