जपानला गाड्या पाहायला जाताय? या चुका टाळा

रात्रीचं पार्किंग, ओळीनं उभ्या स्कायलाइन, आरएक्स-७ आणि सुप्रा या जपानी स्पोर्ट्स कार, वर पिवळे दिवे. जपानचं हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी रीलमध्येच पाहिलंय आणि सहलीचा बेतही त्यावरूनच आखला जातो. तिथं पोचायचं कसं, परत यायचं कसं आणि फाटक किती वाजता बंद होतं, हे रीलमध्ये नसतं. शिवाय त्या गाड्या प्रदर्शनात मांडलेल्या नाहीत. कुणीतरी महिन्याचे पैसे साठवून बांधलेली स्वतःची गाडी घेऊन दोन घटका मित्रांना भेटायला आलेलं असतं. ओळखीतले कुणी जपानला निघाले की मी त्यांना याच गोष्टी सांगत असतो.

दाइकोकूला टॅक्सीनं जाणं आणि टॅक्सी सोडून देणं

योकोहामाचं दाइकोकू पार्किंग एरिया हे एक्स्प्रेसवेवरचं विश्रांतिस्थळ आहे. चारही बाजूंनी उड्डाणपुलांची वळणं वर चढत जातात आणि त्या भेंडोळ्याच्या पोटात हे पार्किंग आहे. तिथं पायी जायला रस्ता नाही, रेल्वे स्टेशन नाही. एक्स्प्रेसवेवरून गाडीनंच आत यायचं आणि गाडीनंच बाहेर पडायचं. टॅक्सी आणून सोडते, पण परतीला दुसरी मिळेलच याची खात्री नसते. चालत बाहेर पडणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही. तेव्हा टॅक्सीनं गेलात तर तीच थांबवून ठेवा. थांबण्याचे पैसे आधी बोलून घ्या. त्यापेक्षा चौघांनी मिळून गाडी भाड्यानं घेतलेली बरी.

दुसरी चूक वेळेची. शुक्रवार-शनिवारच्या रात्री गर्दी वाढली की पोलिस भोंग्यावरून सूचना देतात आणि पार्किंग रिकामं करतात. कधी हे बरंच लवकर होतं. दहा वाजता पोचू म्हणणाऱ्यांना बंद फाटक दिसतं. संध्याकाळीच पोचा, आणि जमलं तर रविवारची सकाळही ठेवा. रविवारी सकाळी जुन्या, जपून ठेवलेल्या गाड्या जास्त येतात, मालक निवांत असतात आणि इंजिनाचं झाकण उघडून दाखवायला तयार असतात. मला विचाराल तर रात्रीपेक्षा ही सकाळ सरस. तोक्योतलं तात्सुमी पार्किंग एरियाही प्रसिद्ध आहे, पण ते लहान आहे आणि लवकर भरतं.

तिथं गेल्यावर इंजिन रेझ करायला सांगू नका, गाडीला हात लावू नका, टेकून फोटो काढू नका. फोटोआधी मालकाकडे बघून कॅमेरा दाखवायचा आणि मान किंचित झुकवायची. बहुतेक जण हसून होकार देतात. नंबर प्लेट झाकून फोटो टाकण्याची तिथली रीत आहे, ती पाळा.

आणखी एक. ‘आमच्या निसान जीटी-आरमधून दाइकोकू फिरवतो’ अशा जाहिराती इंटरनेटवर भरपूर आहेत. जपानमध्ये पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीला सहसा हिरवी नंबर प्लेट लागते. परवान्याशिवाय पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीतून भाडं घेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात पडतो. पैसे भरण्याआधी परवान्याबद्दल स्पष्ट विचारा.

इंटरनॅशनल परमिट आयत्या वेळी काढणं

जपान १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलंच आंतरराष्ट्रीय परमिट मानतो. भारत त्या करारात आहे, त्यामुळे आपल्या आरटीओतून मिळणारं परमिट तिथं चालतं. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून करायचा असतो आणि परमिट एक वर्ष चालतं. आरटीओच्या कामाला किती दिवस लागतील हे शहरागणिक बदलतं, म्हणून व्हिसा हातात आला की लगेच मागे लागा. ‘घरबसल्या इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्या वेबसाइटचं कार्ड जपानमध्ये निव्वळ प्लॅस्टिकचा तुकडा आहे. गाडी घेताना परमिट, मूळ भारतीय लायसन्स आणि पासपोर्ट हे तिन्ही लागतात. डिजीलॉकरमधली प्रत दाखवून भागत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या देशाचा नियम वेगळा पाहावा. जर्मनी, फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडचं लायसन्स असेल तर तिथलं आंतरराष्ट्रीय परमिट जपान मानत नाही. त्याऐवजी लायसन्सचं अधिकृत जपानी भाषांतर काढावं लागतं.

आपल्याकडची सवय घेऊन चाक हातात धरणं

जपानमध्येही गाडी डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे ‘आपल्यासारखंच आहे की’ असं वाटतं, आणि घात इथंच होतो.

सगळ्यात घोटाळ्याचा प्रकार डिपरचा. मुंबई-पुणे रस्त्यावर समोरच्यानं डिपर मारला तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’. जपानी चौकात तुम्ही उजवीकडे वळायला थांबलेले असताना समोरच्यानं डिपर दिला तर बहुधा त्याचा अर्थ ‘तुम्ही आधी जा’. आता उलटा विचार करा. तुम्ही सवयीनं डिपर मारत पुढे निघालात तर समोरचा तुमचे आभार मानत तुमच्याच पुढ्यात वळणार. वाट दिल्याबद्दल आभार मानायला तिथं हॅझर्ड दिवे दोन-तीनदा लुकलुकवतात.

हॉर्न फक्त धोका टाळण्यासाठी, किंवा ‘हॉर्न वाजवा’ अशी पाटी असलेल्या वळणावर. सिग्नल हिरवा झाल्याबरोबर मागून पींऽ करणं नियमभंग आहे. लाल त्रिकोणावर ‘तोमारे’ (थांबा) असं जपानीत लिहिलेलं असेल तर रस्ता कितीही मोकळा दिसो, चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. रेल्वे फाटक उघडं असलं तरी आधी पूर्ण थांबायचं. लाल सिग्नलला डावीकडेही वळायचं नाही. मात्र लाल दिव्याखाली हिरवा बाण लागला असेल तर त्या दिशेनं जायचं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा दिसला की थांबायचंच.

वेगाचं म्हणाल तर तोक्योतल्या शुतो एक्स्प्रेसवेच्या सी-१ या आतल्या वर्तुळाचा बराचसा भाग ५० किमीला बांधलेला आहे आणि किनाऱ्यालगतचा वांगान मार्ग ८०ला. एक्स्प्रेसवेवर मर्यादेच्या वर ४० किंवा अधिक गेलात की प्रकरण दंडाच्या पावतीवर मिटत नाही, फौजदारी होतं. सी-१वर फाटे कधी डावीकडे, कधी उजवीकडे फुटतात, मागची गाडी अंगावर आल्यासारखी वाटते, आणि बोगद्यात फोनचं जीपीएस गोंधळतं. यामाते बोगदा तर १८.२ किमी लांब आहे. वाट चुकली तर चुकू द्या. पुढच्या फाट्यावरून उतरून परत या, शेवटच्या क्षणी लेन कापू नका.

दारूबाबत एक घोटही नको. पिऊन चालवणाऱ्याला शिक्षा होतेच, त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही होते, आणि त्याला दारू किंवा गाडी देणाऱ्यालाही.

टोल, पार्किंग आणि पंप

भाड्याच्या गाडीत फास्टॅगसारखं ईटीसी यंत्र बसवलेलं असतं, पण त्यात कार्ड सरकवल्याशिवाय ते चालत नाही. कार्ड गाडी घेतानाच मागून घ्या. शुतोची कित्येक प्रवेशद्वारं आता फक्त ईटीसीवाल्यांसाठी आहेत, आणि रोखीनं जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी अंतर न बघता कमाल टोल लागतो. दांडा उघडला नाही तर गाडी मागे घेऊ नका. इंटरकॉमचं बटण दाबा आणि माणसाची वाट बघा.

शहरातलं कॉइन पार्किंग पहिल्यांदा वापरताना माणूस बावचळतो. गाडी आखलेल्या जागेत लावली की काही मिनिटांनी जमिनीतली लोखंडी पट्टी गाडीखाली वर येते. निघताना यंत्राशी जाऊन जागेचा नंबर दाबायचा, पैसे भरायचे, पट्टी खाली बसली की नाही हे वाकून बघायचं आणि मगच गाडी काढायची. न बघता काढलीत तर खालचा पार्ट गेला, आणि खाली बसवलेल्या स्पोर्ट्स कारचा तर हमखास. पाटीवर दिवसाचं कमाल भाडं लिहिलेलं असलं तरी ते पहिल्याच दिवसापुरतं असू शकतं. हॉटेलात यांत्रिक टॉवर पार्किंग असेल तर तिथं अनेकदा १.५५ मीटर उंचीपर्यंतचीच गाडी बसते. एसयूव्ही किंवा व्हॅन घेणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच विचारावं.

पंपावर नोझलचा रंग पाहा. लाल म्हणजे साधं पेट्रोल, पिवळं म्हणजे हाय ऑक्टेन, हिरवं म्हणजे डिझेल. टर्बो गाडीला बहुधा पिवळंच लागतं.

स्पोर्ट्स कार भाड्यानं घेताना विम्याची पानं न वाचणं

जुनी आरएक्स-७ किंवा जीटी-आर भाड्यानं देणारी दुकानं तोक्यो आणि हाकोनेच्या आसपास आहेत. पण त्यांच्या अटी मोठ्या कंपन्यांपेक्षा कडक असतात. वयाची अट, मोठी अनामत, मॅन्युअल गिअरचा सराव, दिवसाला ठरावीक किलोमीटर, हे सगळं आधी वाचा. विमा पूर्ण घेतला तरी गाडी गॅरेजमध्ये पडून राहिल्याची भरपाई वेगळी लागते. साध्या कंपन्यांत गाडी चालवत परत आणता आली तर २०,००० येन आणि टो करावी लागली तर ५०,००० येन असा सर्रास दर आहे. ही भरपाई माफ करणारी वेगळी सोय मिळत असेल तर जरूर घ्या. बंपर नुसता खरचटला तरी ११०ला फोन करून पोलिसांना बोलवायचंच. पोलिसांची नोंद नसेल तर विमा हात वर करतो. ‘पाचशे रुपये देऊन मिटवू’ हा मार्ग तिथं नाही.

घाटात ड्रिफ्टिंगची स्वप्नं

गुन्मा प्रांतातले हारुना आणि आकागी हे घाट ‘इनिशिअल डी’ या घाटातल्या शर्यतींच्या कॉमिकमुळे जगभर पोचले. हारुनाचा रस्ता प्रत्यक्षात तळ्याकडे जाणारा, गावकऱ्यांच्या रोजच्या वापराचा रस्ता आहे. ड्रिफ्टिंगला, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळवण्याला, आळा घालायला त्यावर जागोजाग पट्टे आणि उंचवटे केलेले आहेत. दिवसा जा, सावकाश चालवा, वळणं ओळखत चढा. मजा त्यातही भरपूर आहे. पायथ्याच्या इकाहोजवळ खेळणी, बाहुल्या आणि गाड्यांचं संग्रहालय आहे. तिथं कॉमिकमधल्या टोफूच्या दुकानाचा देखावा आणि नायकाची टोयोटा एई८६ दोन्ही बघायला मिळतात. डिसेंबर ते मार्च या भागात बर्फ असतो, तेव्हा हिवाळी टायर नसलेली गाडी वर नेऊच नका.

ड्रिफ्टिंग अनुभवायचंच असेल तर त्याची जागा फुकुशिमाकडच्या निहोनमात्सूचं एबिसू सर्किट. तिथं कसलेल्या चालकाशेजारी बसून घामाघूम होता येतं, आणि कुणाची झोपमोड होत नाही.

संग्रहालयाला सोमवारी जाऊन उभं राहणं

नागोयाजवळचं टोयोटा ऑटोमोबाइल म्युझियम, शहरातलं टोयोटाचं उद्योग-तंत्र संग्रहालय आणि हामामात्सुचं सुझुकी प्लाझा, ही तिन्ही सोमवारी बंद असतात. झामाचं निसान हेरिटेज कलेक्शन आणि हिरोशिमाचं माझदा म्युझियम आगाऊ नोंदणीशिवाय बघता येत नाही. माझदाचं मुख्यतः कामाच्या दिवशीच उघडं असतं. १९९१ साली ला माँची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बीच्या ओढीनं हिरोशिमा गाठणाऱ्यांनी शनिवार-रविवार धरून जाऊ नये. जुन्या गाइडमध्ये तोक्योतल्या ओदायबाचं मेगा वेब हे टोयोटाचं प्रदर्शन-केंद्र अजून सापडतं. ते २०२१च्या अखेरीस कायमचं बंद झालं.

आपल्याकडचे लोक सुझुकी प्लाझा वगळतात, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. प्रवेश मोफत आहे, फक्त आधी नोंदणी करावी लागते. १९०९ साली मिचिओ सुझुकींनी सुरू केलेल्या मागांच्या कारखान्यापासून १९५५ची सुझुलाइट आणि पुढे १९७९ची ४ लाख ७० हजार येनांची पहिली आल्टो, असा तो सगळा प्रवास आहे. त्या आल्टोची जुळी बहीण फ्राँटे म्हणजेच १९८३ची आपली पहिली मारुती ८००. ज्या गाडीत अर्ध्या महाराष्ट्रानं क्लच-गिअर शिकला, तिचं मूळ घर बघायचं सोडून लोक चौथ्यांदा जीटी-आरचा फोटो काढतात, याचं वाईट वाटतं. टोयोटाचा उगमही मागातच आहे. इचलकरंजी-मालेगावच्या माणसाला नागोयातले चालते माग बघताना गाड्यांचा विसर पडेल.

वर्कशॉपमध्ये अवचित शिरणं

योकोहामातल्या त्सुरुमीची निस्मो ओमोरी फॅक्टरी, म्हणजे निसानच्या स्पोर्ट्स विभागाचं वर्कशॉप, पाहुण्यांना सरावलेली आहे. बाकी ट्यूनर, म्हणजे गाड्यांत बदल करून त्यांची ताकद वाढवणाऱ्या मंडळींची वर्कशॉप म्हणजे कामाची जागा. तिथं गिऱ्हाइकांच्या गाड्या उघडलेल्या असतात. आधी ईमेल करा, उत्तर आलं नाही तर जाऊ नका. गेलात तर एखादा टी-शर्ट, स्टिकर घ्या आणि वीस मिनिटांत निघा.

तोक्यो ऑटो सलॉन हे गाड्यांचं प्रदर्शन जानेवारीत चिबाच्या माकुहारी मेस्सेत भरतं. त्यावर तारखा बेतल्यात तर हॉटेल काही महिने आधी घ्या. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातला गोल्डन वीक, म्हणजे सलग सुट्ट्यांचा काळ, मात्र टाळा. एक्स्प्रेसवेवर मैलोन्‌मैल रांगा असतात.

पार्ट विकत घेतल्यावर विमानाचा विचार करणं

अप गॅरेजसारख्या जुन्या पार्टच्या दुकानात हात आवरत नाही. मोमोचं स्टिअरिंग, गिअरचा नॉब, गेज हे बॅगेत येतं. एअरबॅग असलेलं कंपनीचं स्टिअरिंग येत नाही, कारण एअरबॅगचा इन्फ्लेटर धोकादायक माल धरला जातो. इंधन लागलेला पंप किंवा कार्ब्युरेटर पूर्ण स्वच्छ नसेल तर विमानतळावरच काढून घेतील. गॅस भरलेले शॉकॲब्सॉर्बर घ्यायचे असतील तर आधी एअरलाइनला लिहून विचारा. चाकं घेणार असाल तर वजनाचा हिशोब दुकानातच करा, आणि बिलं वेगळ्या पाकिटात ठेवा. मुंबईच्या कस्टम्सला किंमत तोंडी सांगून चालत नाही.