जीआयएसच्या पायथन स्क्रिप्टमधील दोष कसे शोधावेत

जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याची कामे करणारी पायथन स्क्रिप्ट दोन प्रकारे बिघडते. एक तर ती मध्येच एरर देऊन थांबते, नाहीतर काही न बोलता शेवटपर्यंत चालते आणि चुकीचा नकाशा हातात ठेवते. पहिल्या प्रकाराचा त्रास तासाभराचा असतो. दुसऱ्या प्रकारातील चूक मात्र अहवाल छापून गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात येते. म्हणून दोष शोधताना गप्प बसणाऱ्या स्क्रिप्टला आधी बोलते करावे.

त्यासाठी लूपमधील ‘ट्राय-एक्सेप्ट’, म्हणजे एरर आल्यास काय करायचे ते सांगणारा भाग, तपासावा. शेकडो फायलींवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक्सेप्टखाली नुसते ‘पास’ (काही न करता पुढे जा) लिहिलेले असेल, तर कोणती फाइल का वगळली गेली हे कधीच कळणार नाही. ते काढून टाकावे, लूप बाजूला ठेवावा आणि एकाच तालुक्याच्या एकाच फायलीवर स्क्रिप्ट चालवावी. आलेली एरर खालून वर वाचावी: शेवटची ओळ काय बिघडले ते सांगते आणि तिथून वर जाताना आपल्या स्वतःच्या फायलीतील जी ओळ प्रथम भेटते, ती कुठे बिघडले ते दाखवते. मधल्या लायब्ररींच्या ओळींकडे सहसा पाहावे लागत नाही.

नकाशांच्या फायली वाचणारी-लिहिणारी जीडीएएल ही लायब्ररी थेट वापरत असाल, तर चूक होताच एरर देणारे ‘यूज-एक्सेप्शन्स’ स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच चालू करावे. ते चालू नसेल तर न सापडलेली फाइल उघडताना जीडीएएल केवळ ‘नन’ (काहीच नाही) परत करते आणि स्क्रिप्ट पुढच्या कुठल्या तरी ओळीवर ‘नन-टाइपमध्ये असा गुणधर्म नाही’ असे म्हणून कोसळते. आपण मात्र त्या निरपराध ओळीतच चूक शोधत बसतो. फाइल न सापडण्याचे विंडोजवरील नेहमीचे कारण म्हणजे पाथमधील बॅकस्लॅश. रोमन लिपीत लहान अक्षरांनी लिहिलेल्या ‘नाशिक’ किंवा ‘तालुका’ या फोल्डरच्या नावाआधी बॅकस्लॅश आला, की पायथन त्या अक्षरासह त्याचा अर्थ नवी ओळ किंवा टॅब असा घेते. ‘यूजर्स’ फोल्डरच्या बाबतीत तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही, युनिकोडची एरर देते. अवतरणचिन्हाआधी ‘आर’ हे अक्षर लावावे, किंवा पाथलिब वापरून हा प्रश्न कायमचा मिटवावा.

लायब्ररी इम्पोर्टच होत नसेल, किंवा निर्देशांकांचे रूपांतर करणाऱ्या प्रोज या लायब्ररीची ‘प्रोज डॉट डीबी’ ही फाइल सापडत नसल्याची तक्रार येत असेल, तर कोडमध्ये काही बदलू नये. एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथन आणि लायब्ररींच्या एका स्वतंत्र संचात) काही पॅकेजे कोंडा या साधनाने आणि काही पिप या दुसऱ्या साधनाने बसवली, की जीडीएएल आणि प्रोजच्या आवृत्त्या परस्परांशी जुळत नाहीत. शिवाय त्याच संगणकावर पोस्टजीआयएससारखी दुसरी प्रणाली असेल, तर तिने ठरवलेल्या ‘प्रोज_लिब’ या चलामुळे आपली स्क्रिप्ट भलत्याच ठिकाणची डीबी फाइल उघडते. जुने एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करत बसण्यापेक्षा कोंडा-फोर्ज या कोंडाच्या पॅकेज-भांडारावरून सगळे एकत्र नव्याने बसवणे लवकर होते.

निर्देशांक प्रणाली

जागा दाखवणारे आकडे कोणत्या पद्धतीने मोजले आहेत ते निर्देशांक प्रणाली सांगते, आणि सर्वांत जास्त मूक चुका इथे होतात. त्या ओळखण्याची एक चांगली युक्ती म्हणजे आपला थर (नकाशावरील एका विषयाची माहिती) जगाच्या नकाशावर ठेवावा आणि तो कुठे जाऊन पडला ते पाहावे, कारण जागेवरून कारण कळते. पुणे साधारण १८.५२ अक्षांश आणि ७३.८६ रेखांशावर आहे. ते नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर बेटाजवळ दिसले, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. २०१९ साली आलेल्या जीडीएएल ३ आणि प्रोज ६ पासून ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या, अंशांतील अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीत अक्षांश आधी हा अधिकृत क्रम पाळला जातो, त्यामुळे त्याआधी लिहिलेल्या स्क्रिप्ट लायब्ररी अद्ययावत करताच असे वागू शकतात. पायप्रोजमध्ये (पायथनमधून प्रोज वापरण्याच्या लायब्ररीत) रूपांतर करणारा ट्रान्सफॉर्मर तयार करताना ‘ऑलवेज_एक्सवाय’ हा पर्याय ट्रू ठेवावा.

सगळा महाराष्ट्र विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेच्या समुद्रात, काही मीटरांच्या ठिपक्यात गोळा झाला असेल, तर अंशांत असलेल्या माहितीवर ईपीएसजी ३२६४३, म्हणजे यूटीएम ४३ उत्तर (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरांत मोजणाऱ्या प्रणालीतील ४३वे क्षेत्र), असे मीटरांचे लेबल चिकटवले गेले आहे. भौगोलिक तक्ते हाताळणाऱ्या जिओपांडा या लायब्ररीमध्ये ‘सेट_सीआरएस’ फक्त लेबल लावते आणि आकडे जसेच्या तसे ठेवते. आकडे बदलून रूपांतर करायचे असेल तर ‘टू_सीआरएस’ लागते. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारासोबतची, प्रणाली सांगणारी पीआरजे फाइल हरवली असेल, तर आधी ‘सेट_सीआरएस’ने मूळ प्रणाली सांगावी आणि मगच ‘टू_सीआरएस’ वापरावे. योग्य रूपांतरानंतर पुण्याचा पूर्वांक (पूर्व दिशेचा आकडा) ३ लाख ८० हजार मीटरांच्या आसपास आणि उत्तरांक (उत्तर दिशेचा आकडा) साडेवीस लाख मीटरांच्या जवळ यायला हवा. काही बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात गेले असतील, तर प्रणालीचा दोष नाही. रिकामे निर्देशांक कुणीतरी शून्याने भरले आहेत.

अंशांतील थरावर क्षेत्रफळ काढल्यास जिओपांडा इशारा देते, परंतु अनेक जण सगळे इशारे बंद करणारी ओळ सुरुवातीलाच लिहून ठेवतात. ती ओळ काढावी. यूटीएम वापरतानाही लक्षात ठेवावे, की ४३ आणि ४४ या क्षेत्रांची सीमा असलेले ७८ रेखांश महाराष्ट्राच्या मधून जाते. नागपूरची शेते ४३ मध्ये मोजली, तर दर हजार हेक्टरमागे साडेतीन हेक्टरांहून थोडे अधिक क्षेत्र उगाच वाढते. गावनकाशासाठी हे कदाचित चालेल, भरपाईच्या हिशेबासाठी चालणार नाही. संपूर्ण राज्याचे क्षेत्रफळ काढायचे असेल तर समक्षेत्र प्रक्षेपण, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणारी नकाशा-पद्धत, निवडावी.

मराठी नावे आणि जोडणी

गावांच्या नावांऐवजी अगम्य लॅटिन अक्षरे दिसत असतील, तर शेपफाइलसोबतची, अक्षरांचे एन्कोडिंग सांगणारी सीपीजी फाइल बहुधा हरवली आहे. वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असे सांगितले की नावे परत येतात. नावांच्या जागी प्रश्नचिन्हे असतील, तर मात्र माहिती लिहितानाच नष्ट झालेली आहे आणि मूळ फायलीकडे जाण्यावाचून इलाज नाही. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, म्हणजे जेमतेम तीन चिन्हे बसतात. रोमन नावेही सुटत नाहीत: ‘पॉप्युलेशन’ या शब्दापुढे २००१ आणि २०११ लावलेले दोन रकाने पहिल्या दहा अक्षरांपुरते छाटले जाऊन सारखेच होतात. शेपफाइल आता केवळ देवाणघेवाणीपुरती ठेवावी आणि काम जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारामध्ये करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावावरून तक्ते जोडणे शक्यतो टाळावे. अहमदनगरचे अहिल्यानगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाल्यामुळे जुने व नवे तक्ते जुळत नाहीत, हे निदान दिसते तरी. पण ‘कऱ्हाड’ हे नाव एका फायलीत ‘ऱ’ आणि हलन्ताने, तर दुसऱ्या फायलीत साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह वापरून लिहिलेले असते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, पायथनच्या लेखी ती वेगळी आहेत. पायथनच्या युनिकोडडेटामधील एनएफसी रूपांतराने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याने) नुक्त्याचा फरक मिटतो, हा फरक मिटत नाही. त्यासाठी एका रूपाचे दुसऱ्यात स्वतंत्रपणे रूपांतर करावे लागते. संशय आल्यास नाव ‘आस्की’ फंक्शनमधून छापून पाहावे, म्हणजे त्यातील प्रत्येक चिन्हाचा कोड दिसतो.

जनगणनेच्या कोडवरून जोडताना ते कोड मजकूर म्हणूनच वाचावेत, अन्यथा सुरुवातीची शून्ये गळतात. मर्ज, म्हणजे तक्त्यांची जोडणी, करताना ‘व्हॅलिडेट’ आणि ‘इंडिकेटर’ हे पर्याय वापरावेत: पहिला दुहेरी नोंदींवर स्क्रिप्ट थांबवतो, दुसरा न जुळलेल्या ओळी दाखवतो. मर्ज जिओडेटाफ्रेमच्या (आकारांसह असलेल्या जिओपांडाच्या तक्त्याच्या) बाजूने करावा; उलट केल्यास हाती साधा तक्ता येतो आणि तो फायलीत लिहिताना ‘टू_फाइल’ सापडत नाही.

ओव्हरले करताना (दोन थर एकमेकांवर ठेवून छेदताना) टोपोलॉजी एरर, म्हणजे आकारांच्या रचनेतील दोषाची एरर, आली, तर ‘इज_व्हॅलिड’ने सदोष पॉलिगॉन वेगळे काढून आकार हाताळणाऱ्या शेपली या लायब्ररीच्या ‘एक्स्प्लेन_व्हॅलिडिटी’ने कारण पाहावे, ते छेदबिंदूचे निर्देशांकही देते. आकाराभोवती शून्य रुंदीचा पट्टा (बफर) काढण्याचा जुना उपाय स्वतःलाच छेदणाऱ्या पॉलिगॉनचा एखादा भाग मुकाट्याने गाळू शकतो, म्हणून ‘मेक_व्हॅलिड’ वापरावे आणि आधीचे व नंतरचे क्षेत्रफळ ताडून पाहावे. आर्कजीआयएसच्या आर्कपाय या पायथन लायब्ररीमध्ये स्कीमा लॉकची (थर दुसरीकडे वापरात असल्याची) एरर आली, तर बहुतेक वेळा तोच थर आर्कजीआयएस प्रोमध्ये उघडा असतो किंवा ओळी वाचणारा-लिहिणारा कर्सर ‘विथ’शिवाय उघडून तसाच सोडलेला असतो.

हाताने चालवल्यावर बरोबर चालणारी स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरवर (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीवर) बंद पडत असेल, तर कोड सोडून भोवतालचे वातावरण तपासावे. तिथे चालू फोल्डर वेगळा असतो, खाते वेगळे असू शकते आणि आपण जोडलेले नेटवर्क ड्राइव्हचे अक्षर त्या खात्याला दिसत नाही. शेड्यूलरमध्ये त्या एन्व्हायर्नमेंटमधील पायथनचा पूर्ण पाथ द्यावा, ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावापासूनचा पाथ लिहावा, आणि प्रत्येक टप्प्यावर ओळींची संख्या, प्रणालीचा कोड व थराच्या चार सीमा लॉग फायलीत नोंदवाव्यात. अंशांत असलेल्या महाराष्ट्राच्या थराची सीमा ७२ ते ८१ रेखांश आणि १५ ते २३ अक्षांश यांच्या बाहेर गेली, तर स्क्रिप्टने तिथेच एरर देऊन थांबावे, अशी अट ‘असर्ट’ने घालून ठेवावी.