सुपर ८ रिळांवरील इटालियन वेस्टर्न जमवताना

कोडॅकने १९६५ साली सुपर ८ ही घरगुती वापराची ८ मिमी रुंद फिल्म बाजारात आणली आणि पुढे, घरोघरी व्हिडिओ येण्याआधीच्या काळात, इटालियन वेस्टर्न, म्हणजे इटालियन निर्मात्यांचे काउबॉय-बंदूकधाऱ्यांचे चित्रपटही अशा रिळांवर विकले गेले. खरेदीपूर्वी प्रथम लांबी विचारावी. २०० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने जेमतेम १० मिनिटे चालते, म्हणजेच त्यात संक्षिप्त आवृत्तीच असते.

यांतील अनेक चित्रपट टेक्निस्कोप या रुंद पद्धतीने चित्रित झाले होते. त्यामुळे प्रत आडवी दाबलेली असल्यास प्रोजेक्टरला अ‍ॅनामॉर्फिक भिंग (दाबलेले चित्र पुन्हा रुंद करणारे) जोडावे लागते, तर कडा कापलेल्या प्रतीत द्वंद्वातील दुसरा बंदूकधारी चौकटीबाहेरच राहण्याची शक्यता असते. माझ्या मते अशी कापलेली प्रत स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. संवाद बहुधा नंतर डब केलेले असल्याने मूळ भाषेचा फार आग्रह धरू नये.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आल्यास अ‍ॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे असे समजावे आणि ते रीळ इतरांपासून दूर ठेवावे. गुलाबी पडलेले रंग फिल्मवर पुन्हा आणता येत नाहीत. पहिल्या प्रक्षेपणापूर्वी प्रोजेक्टरचा फिल्ममार्ग स्वच्छ करून एखादी टाकाऊ फिल्म चालवून पाहावी.