परदेशातल्या शेतावर काम करून राहायचंय? बडोद्याहून निघण्याआधी हे करा

परदेशात एखाद्या शेतकरी कुटुंबाकडे राहायचं, दिवसातले चार-सहा तास त्यांच्या शेतात काम करायचं आणि त्या बदल्यात दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा घ्यायची. पैशांचा व्यवहार कुणीच करायचा नाही. या पद्धतीला लोक ‘वूफिंग’ म्हणतात. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांना सुट्टीत गावाकडे जावंसं वाटे, पण तिकडे ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर शनिवार-रविवार मदतीला जायची सोय करून घेतली. तिथून सुरू झालेल्या ‘वूफ’च्या संस्था आज अनेक देशांत आहेत. बहुतेक ठिकाणी त्या त्या देशाचं वेगळं वार्षिक सभासदत्व घ्यावं लागतं. ‘वर्कअवे’ आणि ‘हेल्पएक्स’ या वेबसाइटही अशाच जागा दाखवतात, पण तिथे शेतीबरोबर हॉस्टेल सांभाळणं, घर रंगवणं, मुलांकडे बघणं असली कामंही असतात. शेतीच करायची असेल तर वूफ बरं.

स्वस्तात युरोप बघायची युक्ती म्हणून याकडे बघत असाल तर जाऊ नका. तुम्ही परक्या माणसांच्या घरात राहणार, त्यांच्या ताटातलं खाणार आणि त्यांचं पीक तुमच्या हातात असणार. ज्याला मातीत हात घालायची खरंच हौस आहे, त्याच्यासाठी यासारखा प्रवास नाही. पुढचं सगळं अशा माणसासाठी लिहितो आहे.

आधी व्हिसा, मग शेत

बहुतेक जण वेबसाइटवर शेतांचे फोटो बघत बसतात, एका शेतकऱ्याशी बोलणं पक्कं करतात आणि मग व्हिसाकडे वळतात. हा क्रम उलटा करा. तुम्हाला पगार मिळत नसला तरी जेवण आणि खोली हा मोबदलाच आहे, असं अनेक देशांचा कायदा मानतो. न्यूझीलंडमध्ये कामाच्या बदल्यात फुकट राहणं हे काम म्हणूनच धरतात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर शेतात राबून राहणं चालत नाही, असं कुणी करणार आहे हे विमानतळावर कळलं तर तिथूनच परत पाठवू शकतात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येते, पण फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि जास्तीत जास्त ३० दिवस. कुणाचं घरचं शेत त्यात बसत नाही.

सरळ रस्तेही आहेत. ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा (उपवर्ग ४६२) २०२४ पासून भारतीयांना मिळू लागला. वर्षाला १००० जागा, त्याही सोडतीने. वय १८ ते ३०, मुक्काम एक वर्षाचा. ब्रिटनच्या ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’मध्ये वर्षाला ३००० जागा असतात. वयाची अट तीच, पदवी हवी, सोडतीत नाव यावं लागतं आणि दोन वर्षं राहता येतं. या दोन्ही व्हिसांवर पगारी कामही करता येतं, त्यामुळे काही आठवडे शेतावर आणि मग दोन पैसे कमावणं, असं जमवता येतं. सोडतीत नाव येईल या भरवशावर इथली नोकरी मात्र सोडू नका.

युरोपच्या शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पण त्या मुदतीत शेतावर मदत करून राहणं चालेल का, याचं उत्तर देशागणिक वेगळं आहे. त्या देशाच्या वूफ संस्थेला आणि वकिलातीला ईमेल करा, आपण काय करणार ते स्पष्ट लिहा आणि आलेलं उत्तर छापून कागदपत्रांत ठेवा. हॉटेलची बुकिंगं दाखवून व्हिसा काढा आणि नंतर ती रद्द करा, असा सल्ला देणारे एजंट भेटतील. त्यांचं ऐकू नका. व्हिसा नाकारला गेला की पुढे अनेक देशांच्या अर्जात ते सांगावं लागतं, आणि विशी-पंचविशीत लागलेला हा डाग फार वर्षं पुरतो.

पासपोर्टचं काम बडोद्यातच होतं. युरोपातल्या बऱ्याच देशांच्या अर्जासाठी मात्र अहमदाबादच्या व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, तो दिवस मोकळा ठेवा. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यांवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी असतं, त्यामुळे कागदोकागदी नावाचा क्रम बदलतो. विमा, तिकीट आणि अर्ज या तिन्हींवर पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा.

पहिल्या खेपेला नेपाळ

माझं मत विचाराल तर सुरुवात नेपाळपासून करा. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही आणि १९५० च्या करारामुळे राहण्या-फिरण्याची मोकळीकही आहे. बडोद्याहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे, तिथून बसने सोनौलीची सीमा. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधार कार्डावर विसंबू नका. पाट्या देवनागरीत, हिंदी बऱ्याच जणांना कळतं आणि जेवणात रोज डाळ-भात. उतारावरच्या पायऱ्यांच्या शेतात मका आणि नाचणी, गोठ्यात म्हैस, आणि पाठीवर डोको घेऊन आणायचा चारा. डोको म्हणजे कपाळाला पट्टा लावून वाहायची बांबूची टोपली. दोन आठवडे तिथे काढले की आपल्याला हे झेपतं की नाही ते कळतं, आणि नाही झेपलं तर फार पैसे बुडत नाहीत.

निघण्याआधी घरच्या मातीत

आपल्या बडोद्यातल्या मराठी मंडळींतली बरीच कुटुंबं चार-पाच पिढ्यांपूर्वी गायकवाडांच्या चाकरीसाठी इकडे आली. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात वाढलेल्या मुलांनी शेत पाहिलं ते बहुतेक गाडीच्या खिडकीतून. त्यात कमीपणा नाही, पण तशीच निघालात तर पहिल्याच दिवशी हाताला फोड येतील आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरेल.

बडोद्याजवळ पादरा, डभोई, वाघोडिया, कुठेही ओळख काढा. भाजीवाल्या शेतकऱ्याकडे हिवाळ्यातले सलग आठ-दहा दिवस जा आणि काही मागू नका. उकिडवं बसून खुरपणी करायला शिका. गाजराची कोवळी रोपं आणि तण पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ सारखीच दिसतात. गाजराचं पान केसासारखं बारीक चिरलेलं असतं. एका हाताच्या दोन बोटांनी रोपाच्या बुडाशी माती दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने तण मुळासकट ओढायचं. माती दाबली नाही तर तणाबरोबर गाजरही वर येतं. इटलीत काय किंवा पोर्तुगालमध्ये काय, नवख्या माणसाला पहिल्यांदा बहुधा हेच काम देतात. ज्याला ते न सांगता येतं त्याला दुसऱ्या आठवड्यात रोपवाटिकेत किंवा छाटणीला घेतात.

बडोदा-मुंबई वाटेवर उंबरगावजवळ भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ बाग आहे. नैसर्गिक शेतीतलं फार मोठं नाव, २०१५ साली ते गेले. नारळ आणि चिकूची झाडं उंच वाफ्यांवर आणि मधल्या चरांतून पाणी, ही त्यांची रचना समजून घेतलीत तर परदेशातल्या सेंद्रिय शेतकऱ्याशी बोलायला विषय मिळतो. तुमच्याकडे कशी शेती करतात, हे तिथे विचारतातच.

शेत निवडणं आणि पत्र लिहिणं

जाहिरातीतले फोटो सोडा, अभिप्राय वाचा. जेवण कसं होतं, खोलीला कडी होती का, कामाचे तास पाळले का, मुलींना सुरक्षित वाटलं का. एकही अभिप्राय नसलेल्या शेतावर एकटीने किंवा एकट्याने पहिल्या खेपेला जाऊ नका. आगाऊ पैसे मागणारा किंवा आल्यावर पासपोर्ट माझ्याकडे ठेवायचा असं म्हणणारा यजमान असेल तर विषय तिथेच संपवा.

हंगामही बघा. युरोपात मार्च-एप्रिलमध्ये पेरणी आणि मेंढ्यांची विण, जून-जुलैत गवत कापून वाळवणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इटली, स्पेन, ग्रीसमध्ये ऑलिव्हची तोडणी. झाडाखाली जाळी अंथरतात आणि हातातल्या दातेरी पंजाने फांदी विंचरतात, फळं टपटप जाळीवर पडतात. मग जाळीची टोकं उचलून फळं एका बाजूला गोळा करायची, पानं-काड्या निवडायच्या आणि एक-दोन दिवसांत घाण्यावर न्यायची, नाहीतर तेल बिघडतं. नवख्यांना पटकन जमणारं आणि घोळक्याने करायचं हे काम आहे, मला वाटतं पहिल्या युरोपवारीला यासारखं दुसरं नाही.

शेतकऱ्याला अशी ढीगभर पत्रं येतात. “मला निसर्ग आवडतो” असं सगळेच लिहितात. तुमचं पत्र इंग्रजीत असेल, पण मजकूर साधारण असा असू द्या:

“नमस्कार. मी २४ वर्षांची आहे, बडोद्यात राहते. तुमच्या जाहिरातीत ऑक्टोबरमध्ये तोडणीला माणसं हवीत असं वाचलं. मी ६ ते २७ ऑक्टोबर येऊ शकते. इथे एका भाजीच्या शेतावर खुरपणी आणि रोपं लावायचं काम केलं आहे, शिडीवर चढता येतं, ट्रॅक्टर येत नाही. मी शाकाहारी आहे, अंडी खाते, मासे-मांस खात नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी स्वयंपाक करायला आवडेल. व्हिसाबद्दल तुमच्या देशाच्या संस्थेला विचारलं आहे, उत्तर सोबत जोडते.”

तारखा, येतं काय, येत नाही काय, खाणं, व्हिसा. एवढं सरळ लिहिणाऱ्याला उत्तर येतं. मग एकदा व्हिडिओवर बोला. रोज किती तास आणि आठवड्यातून किती सुट्ट्या, खोलीत आणखी कोण, जवळचं बसस्थानक किती लांब, मोबाइलला रेंज आहे का. चार ते सहा तास आणि आठवड्याला पाच दिवस हे सर्वसाधारण माप. त्याहून जास्त मागणाऱ्याला फुकटचा मजूर हवा आहे.

शाकाहाराचं

हे आधी सांगितलं नाही तर सगळ्यांचीच पंचाईत होते. बऱ्याच शेतांवर कोंबड्या आणि डुकरं खाण्यासाठीच पाळतात आणि कापतातही घरीच. हे बघवणार नसेल तर फक्त भाजीपाल्याचं किंवा फळबागेचं शेत निवडा. पुष्कळ पारंपरिक चीज वासराच्या पोटातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या रेनेट नावाच्या पदार्थाने लावतात, चालत नसेल तर तेही सांगा. यजमानांनी काय खावं यावर मात्र बोलू नका.

आणि स्वयंपाक करा. इटलीत आणि दक्षिण फ्रान्समध्ये हरभऱ्याचं पीठ किराणा दुकानात मिळतं, तिकडचे लोक त्याचे फारिनाता, सोक्का असे आपल्या धिरड्याच्या जवळपासचे पदार्थ करतात. म्हणजे पिठलं सहज होतं. मोहरी, हिंग, हळद आणि गोडा मसाल्याची बंद पुडी घरून न्या. एका पिठलं-भाताने घरातल्या माणसांशी जेवढी ओळख होते, तेवढी आठवडाभराच्या गप्पांनी होत नाही.

सामान आणि औषधं

घरचे लोक बॅगेत तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या भरतील. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत, असा युरोपीय संघाचा नियम आहे, तेव्हा ते इथेच ठेवा. आपला बडोद्याचा बटाट्याचा लिलो चिवडा नेलात तर चालेल. बी-बियाणं आणि रोपं खिशातसुद्धा नकोत.

चपलाबुटांकडे लक्ष द्या. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत हा गुरांचा रोग आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या देशांत नाही, आणि त्यांना तो येऊच द्यायचा नाही. इथल्या गोठ्यात वापरलेले बूट शेण-मातीसकट तिकडे नेऊ नका, घासून, धुऊन, वाळवून न्या. उतरल्यावर अलीकडे शेतावर गेला होता का असं विचारतात, तिथे खरं सांगा.

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर घ्या. युरोपातल्या गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. विजारीचे पाय मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत तपासा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-बिल लावू नका. पुढच्या दिवसांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरकडे जा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण अनेक प्रवास-विम्यांत अंगमेहनतीच्या कामातली इजा धरत नाहीत. पॉलिसीतला तो भाग एजंटकडून नव्हे, स्वतः वाचा.

तिथे गेल्यावर

पहिल्या दिवशी अवजार कसं धरायचं ते विचारून घ्या, आपल्याला येत असलं तरी. काम संपल्यावर खुरपं-फावडं धुऊन जागेवर ठेवा, ताटं उचला, अंघोळीला पाणी बेताने वापरा, कारण डोंगरातल्या बऱ्याच घरांत पाणी टाकीचं असतं. जमत नसेल तर तसं सांगा, दुखऱ्या पाठीने शिडीवर चढू नका. घरच्यांना शेताचा पत्ता, यजमानांचा नंबर आणि रोज निरोप द्यायची वेळ ठरवून द्या.

मन खट्टू झालं, तास वाढत चालले, कुणाची नजर ठीक वाटली नाही, तर निघा. त्यासाठी परतीच्या तिकिटाखेरीज आणखी आठवडाभर बाहेर राहता येईल एवढे पैसे वेगळ्या कार्डावर ठेवा आणि त्यांना हात लावू नका. त्या देशाच्या वूफ संस्थेला कळवलं तर ती चौकशी करते.

सगळं चांगलं झालं तर जायच्या आदल्या दिवशी चादरी धुऊन वाळत घाला, खोली झाडा आणि आठवडाभरात अभिप्राय लिहा. यजमानांनाही तुमच्याबद्दल लिहायला सांगा, पुढचा शेतकरी तेच वाचून तुम्हाला हो किंवा नाही म्हणणार आहे.