चेहरा चरचरतोय? नवीन क्रीम आणण्याआधी हे करा

साध्या पाण्याने चेहरा धुतला तरी गाल चरचरतात. वर्षभर वापरलेलं क्रीम अचानक झोंबायला लागतं. नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात, त्वचा ओढल्यासारखी वाटते आणि तरीही कपाळ तेलकट चमकतं. हे सगळं एकत्र दिसलं, की त्वचेचं वरचं कवच, ज्याला हल्ली सगळे स्किन बॅरियर म्हणतात, ते बहुधा दुखावलेलं असतं. नेमकं अशाच वेळी आपण आणखी एक सीरम मागवतो. दुरुस्तीचं निम्म्याहून अधिक काम लावण्यात नसून थांबवण्यात आहे.

हे कवच जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचं असतं. मृत पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक रचलेले असतात आणि मधल्या फटींत सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं भरलेली असतात. अमेरिकन त्वचावैज्ञानिक पीटर एलायस यांनी त्याची तुलना विटांच्या भिंतीशी केली: पेशी या विटा, मधला स्निग्धांश म्हणजे चुना. हा चुना शाबूत असला की आतलं पाणी उडून जात नाही आणि बाहेरचं रसायन, जंतू, धूळ आत शिरत नाही. पृष्ठभागाचा पीएच साधारण 4.5 ते 5.5, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. हा स्निग्धांश तयार करणारी एन्झाइम्स या आम्लतेतच नीट काम करतात. साबणाचा पीएच मात्र 9 ते 10 च्या घरात, म्हणजे अल्कधर्मी असतो. दिवसातून चार वेळा तोंडाला साबण लावणाऱ्याचा चेहरा का सावरत नाही, ते इथे कळतं.

पहिली पायरी: बंद करा

रेटिनॉल, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड, व्हिटॅमिन सी, स्क्रब, अल्कोहोलवाला टोनर, सुगंधी फेसवॉश, सगळं कपाटात. घरगुती म्हणून सुटका नाही: लिंबाचा रस खूपच आम्लधर्मी, खायचा सोडा उलट अल्कधर्मी, आणि मुलतानी माती वाळताना तेल शोषून घेते. डॉक्टरांनी मुरुमांसाठी ट्रेटिनॉइनसारखं औषध दिलं असेल, तर ते स्वतःहून न सोडता त्यांना फोन करा.

इथे एक मोठा अपवाद आहे. गोरं दिसण्यासाठी किंवा डाग जाण्यासाठी मैत्रिणीने, पार्लरवाल्या ताईंनी किंवा औषधाच्या दुकानदाराने दिलेली ट्यूब तुम्ही महिनोन्‌महिने लावत असाल, तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पाकिटावर लाल उभी रेघ असते ती याचसाठी: हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात गेलं की भाजल्यासारखं होतं. आणि अचानक थांबवलं तर चेहरा लालबुंद होऊन पेटतो, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो. या चक्रातून घरच्या घरी बाहेर पडायला जाऊ नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा. हीच ट्यूब नायट्यावर लावली तर खाज थांबते आणि नायटा पसरत राहतो, तेव्हा गोल, कडेने लाल आणि मधे फिकट दिसणारा चट्टा म्हणजे कोरडी त्वचा समजू नका.

दुसरी पायरी: आंघोळ बदला

कढत पाण्याची हौस थंडीत सुटत नाही, पण बादलीत चांगलं विसण घाला. पाणी कोमट हवं आणि आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायला हवी. साबण काख, जांघा आणि पावलं एवढ्यापुरता. बाकी हातापायांना रोज साबणाची गरज नसते, शेतात किंवा कारखान्यात काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. साबण घेताना अनेकजण टीएफएमचा आकडा बघतात. त्यावरून साबणात स्निग्ध द्रव्य किती ते कळतं, पीएच कळत नाही. कवच बिघडलेलं असताना साबणविरहित, 5.5 च्या आसपास पीएच असलेली वडी किंवा फारसा फेस न होणारं क्लींझर बरं. चेहऱ्याला रात्री एकदा पुरे, सकाळी नुसतं पाणी.

वज्री टाचांसाठी ठेवा, पाठीवर आणि दंडावर नको. आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिकचं झाकण ओतायची सवय असेल तर ती सोडा, रोजच्या स्वच्छतेसाठी त्याचा उपयोग नाही आणि त्वचेला त्रास मात्र होतो. अंग मऊ पंच्याने टिपा, खसाखसा पुसू नका.

तिसरी पायरी: ओलसर असतानाच लावा

अंग टिपल्यावर दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर लावा. बाटलीवर तीन प्रकारची नावं शोधा: पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीन, मधल्या फटी भरणारं सिरामाइड (सोबत कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतील तर उत्तम) आणि वरून झाकण घालणारं पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकोन. सुगंध नको. किंमत आणि गुण यांचा फार संबंध नाही. साधी पेट्रोलियम जेली पाणी उडणं रोखण्यात भल्याभल्यांना मागे टाकते, फक्त चेहऱ्यावर ती चिकट वाटते, म्हणून रात्री क्रीमवर अगदी पातळ हात फिरवा. युरियाचं क्रीम टाचांना छान, पण उललेल्या त्वचेवर झोंबतं. प्रमाण बहुतेकांचं कमी पडतं: चेहरा आणि मानेसाठी तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेल्या दोन ते अडीच रेघा लागतात.

आता तेलाचं. खोबरेलाला माझं मत आहे, पण अंगापुरतं. व्हर्जिन खोबरेल कोरड्या, एक्झिमाच्या (इसबाच्या) त्वचेला उपयोगी पडल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र ते रंध्रं बुजवू शकतं. ऑलिव्ह तेलाचा गाजावाजा मोठा, प्रत्यक्षात त्यातल्या ओलेइक ॲसिडमुळे कवच उलट सैल होतं, सूर्यफुलाचं तेल त्या मानाने सौम्य. दिवाळीत अभ्यंग जरूर करा, फक्त त्वचा चरचरत असेल त्या वर्षी उटणं घासू नका. तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून मालिशवाल्या बाई डाळीचं पीठ चोळतात, त्याला प्रेमाने पण ठाम नकार द्या. बाळाचं कवच अजून तयार होत असतं आणि लव आपोआप जाते.

हातांचं वेगळं प्रकरण

भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फरशीचं लिक्विड हे सगळं एकाच हातांवर पडतं. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घाला, नुसत्या रबरात घाम साचून त्रास वाढतो. रोज लसूण सोलणाऱ्यांच्या अंगठा आणि तर्जनीच्या टोकांना, बहुधा लसूण धरणाऱ्या हाताच्या, भेगा पडतात, तो लसणाचाच एक्झिमा असू शकतो. महिनाभर सोलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. हे सर्वांत अवघड पथ्य आहे, मला कल्पना आहे.

उन्हासाठी रुमाल किंवा टोपी, आणि सनस्क्रीन झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या.

किती दिवस?

तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात, उतारवयात त्याहून जास्त. चरचर पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी होऊ लागते, पण तेवढ्यावर भुलून जुनी बाटली उघडू नका. महिना गेल्यावर एकच उत्पादन, आठवड्यातून दोन रात्री, मॉइश्चरायझर लावून त्यावर. दोन-तीन आठवडे निभावलं तर पुढचं.

चिघळलेली जागा, पिवळसर खपल्या, ताप, डोळ्यांभोवती सूज, किंवा महिनाभर हे सगळं पाळूनही न थांबणारी खाज असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. तोंडी सांगताना निम्मी नावं राहून जातात.