वेचणीचा हिशोब पायथॉनमध्ये: आकड्यांना एका वळणावर कसं आणावं

सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली की वावरात वेचणीची वही उघडते. तीच वही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत उतरवताना पहिल्याच दिवशी बेरीज फसते. सकाळचे १२ किलो, संध्याकाळचे ८, उत्तर १२८! इनपुटमधून येतं ते सगळं मजकूर असतं, आणि मजकुराची बेरीज म्हणजे नुसती जोडाजोड. क्रम लावला तरी १००, १२, ९ असाच लागतो.

पूर्णांक, फ्लोट (दशांश चिन्हाचे आकडे), मजकूर यांचे मूळ नियम आपल्याला बदलता येत नाहीत. म्हणून आकडा आत येतो त्या दारातच त्याचं रूप ठरवून टाका.

१. वजन ग्रॅममध्ये आणि मजुरी पैशांत ठेवा, दोन्ही पूर्णांक. फ्लोट हिशोबाला नको. ४.३५ ला १०० ने गुणलं की ४३५ ला किंचित कमी पडतं, आणि इंट (आकड्याचा पूर्णांक करणारं फंक्शन) पुढचं कापून ४३४ देतं. एक पैसा गेला.

२. वजन वाचायला एकच फंक्शन लिहा: मजकूर डेसिमलमध्ये (दशांश आकडे जसेच्या तसे ठेवणारा प्रकार) टाका, १००० ने गुणा, मग इंट. डेसिमलला मजकूरच द्या. फ्लोट दिला तर त्यातली चूकही आत येते. कुणी बिंदूऐवजी स्वल्पविराम टाकून १२,५ लिहिलं तर एरर येईल. येऊ द्या, आणि काट्यावर जाऊन विचारा.

देवनागरी आकडे इंट आणि डेसिमल दोघांनाही वाचता येतात. पण मजकूर म्हणून देवनागरी ७ आणि इंग्रजी ७ वेगळे, त्यामुळे एकाच बाईची दोन खाती पडतात. मजूर क्रमांकही इंटमधूनच न्या. (जावास्क्रिप्टमध्ये जास्त जपा: तिथलं नंबर फंक्शन देवनागरी आकडा वाचत नाही, आणि रिकाम्या जागेला शून्य समजतं.)

३. गैरहजेरी म्हणजे नन (None, ‘काहीच नाही’), शून्य नव्हे. नुसत्या इफला (अट तपासणारा शब्द) दोन्ही सारखेच दिसतात. ‘इज नन’ असंच तपासा.

४. मजुरी: ग्रॅम गुणिले किलोमागचे पैसे, त्यात ५०० मिळवा (म्हणजे अर्धा पैसा वर जातो), मग दोन तिरक्या रेषांच्या (//), बाकी सोडणाऱ्या भागाकाराने १००० ने भागा. १२,३५० ग्रॅम, दर १० रुपये किलो, म्हणजे १२,३५० पैसे: १२३ रुपये ५० पैसे. पायथॉनचं राउंड (जवळच्या पूर्णांकाला नेणारं फंक्शन) वापरू नका, ते २.५ चे २ करतं आणि ३.५ चे ४. मजुराला हे कसं समजावणार?

रुपये आणि किलो फक्त छापताना करा. पहिला आठवडा रोजची बेरीज कागदी वहीशी ग्रॅमपर्यंत जुळवून बघा.